वरची चिमूट

"आधी तो पंखा बंद करा," मुंबईहून आलेला विक्रेता म्हणाला, आणि अमृतरावांनी मुकाट्यानं उठून पंखा बंद केला.

चैत्राची टळटळीत दुपार होती. वर पत्रे, समोर तापलेला डांबरी रस्ता, आणि त्यात पंखाही बंद. अमृतरावांच्या बंदुकीच्या दुकानात तिघंही घामानं निथळत टेबलावरच्या त्या पांढऱ्या पेटीकडे बघत बसले. पेटीच्या काचेत तांबडे आकडे थरथरत होते. वारा थांबला तसे तेही थांबले आणि सगळी शून्यं एका ओळीत उभी राहिली. पंख्याच्या वाऱ्याला इतका भिणारा काटा शिवप्पानं उभ्या जन्मात पाहिला नव्हता. पण थट्टा करायचा त्याला धीर झाला नाही. आता हे यंत्र आपल्या जागेवर बसणार, एवढंच त्याला समजत होतं.

शिवप्पा या दुकानात काडतुसं भरायचा. रिकाम्या काडतुसात बंदुकीची दारू घालायची, तिच्यावर पुठ्ठ्याचा डाट, डाटावर छर्रे, आणि मग तोंड मिटवायचं. दारू मात्र दर वेळी तोलून घ्यायची. त्यासाठी टेबलाच्या कोपऱ्यात दांडीचा काटा होता. पितळेची बारीक दांडी, एका टोकाला वाटीसारखं इवलंसं पारडं, दुसऱ्या टोकाला खुणेच्या रेघेसमोर वरखाली होणारी सुई. ती डुलायची थांबेपर्यंत श्वास रोखून बसावं लागे. शिवप्पाला त्याची सवय होती, कारण सारा जन्म तोलण्यातच गेला होता.

मूळचा तो तोलार. लातूरच्या आडत बाजारात ज्वारी, तूर, करडई तोलण्यात त्याची हयात गेली. पोतं काट्यावर चढलं की शिवप्पा आकडा पुकारायचा आणि व्यापारी, शेतकरी दोघंही मान डोलवायचे. पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायचं, आणि सुटं धान्य देताना माप पुरं झाल्यावर वरून चिमूटभर घालायचं, ही तिथली रीत. चिमूट न घालणाऱ्या तोलाराला बायका तोंडावर चिंधीचोर म्हणत. शिवप्पाला तसं कधी कुणी म्हटलं नाही. उलट त्याच्या हाताला बरकत आहे, असंच सगळे म्हणायचे.

पुढं लातूर जिल्हा झाला. कलेक्टर आले, कोर्ट आलं, हपीसं आली. उस्मानाबादला खेटे घालायचं बंद झालं म्हणून लोकांनी पेढे वाटले, आणि मग पावसानं अशी पाठ फिरवली की जिल्हा आला आणि पाणी गेलं, असं तेच लोक म्हणायला लागले. आडतीत धान्यच येईना. काटा रिकामा तर तोलार काय खाणार? आडत्यानं आपल्या धाकट्या भावाकडं, म्हणजे अमृतरावांकडं, शिवप्पाला पाठवून दिलं. तिकडं काम वाढलं होतं. रानातलं सगळं वाळून गेलं तशी रानडुकरं विहिरीच्या ओलीवरच्या पिकांत घुसायला लागली, आणि पीक राखायला परवान्याची बंदूक असलेले लोक काडतुसं न्यायला रांग लावू लागले. जन्मात दारूला न शिवलेला शिवप्पा आता दिवसभर दारूच मोजत बसतो, म्हणून आडतीतले जुने सोबती त्याची टिंगल करायचे. तोही हसायचा. नोकरी होती म्हणून हसायला येत होतं.

विक्रेता यंत्र ठेवून गेला. उद्या सकाळी येतो, म्हणाला. पसंत पडलं तर ठेवा, नाहीतर परत द्या. अमृतराव भले गृहस्थ होते, पण परवान्याच्या काळजीनं कायम धास्तावलेले. त्यांनी पंखा पुन्हा लावला आणि शिवप्पाला सांगितलं की हात तुझा लागणार, तेव्हा कोणता काटा ठेवायचा ते तूच ठरव. यंत्र झटपट आहे, पण वीज गेली की आंधळं. दांडीचा काटा वेळखाऊ, पण त्याला विजेची गरज नाही. "दोन्हीवर तोलून बघ. माझं काही म्हणणं नाही," असं म्हणून ते आत हिशेबाला बसले.

शिवप्पानं पंखा बंद केला आणि कामाला लागला. आधी पितळी वजन यंत्रावर ठेवलं. बरोबर. तेच दांडीच्या काट्यावर ठेवलं. बरोबर. मग दारू तोलली, आधी दांडीवर, मग यंत्रावर. केसाचाही फरक नाही. त्याला बरंही वाटलं आणि वाईटही वाटलं. आपला काटा इतकी वर्षं खरा होता हे बरं, आणि ही पेटीही तितकीच खरी निघाली हे वाईट. खोड काढायला म्हणून त्यानं फळीवरून काल भरलेलं एक काडतूस घेतलं, त्याचं तोंड उघडलं, छर्रे आणि डाट बाजूला काढले, आणि आतली दारू यंत्राच्या पारड्यात ओतली.

आकडा जास्त आला.

सापडली खोड, असं त्याला क्षणभर वाटलं. त्यानं पारडं पुसलं, पुन्हा ओतली. तेवढीच. मग तीच दारू दांडीच्या काट्यावर घेतली. सुई रेघेच्या वर जाऊन थांबली. त्यानं दुसरं काडतूस उघडलं, मग तिसरं. सगळ्यांत जास्त होती. कमीजास्त प्रमाणात, पण जास्तच. शिवप्पाच्या कपाळावरचा घाम भुवईवर आला आणि तो पुसायचंही त्याला सुचलं नाही.

मग त्यानं एक काडतूस नव्यानं भरायला घेतलं. दारू तोलली, सुई रेघेवर आली, दारू नरसाळ्यातून काडतुसात ओतली. आणि त्यानं पाहिलं की त्याचा उजवा हात आपणहून दारूच्या वाडग्याकडं गेला, तीन बोटांनी चिमूट उचलली, काडतुसात सोडली आणि अंगठ्यानं वरून हलकेच थापटलं. हाताला कुणी सांगितलं नव्हतं. पोत्यावरून, पायलीवरून, शेरावरून हा हात असाच जात आला होता. चिमूट नेहमी तोलून झाल्यावर पडते. काट्याला ती कधी दिसतच नाही.

शिवप्पानं वाडगा लांब सरकवला. आतापर्यंत दुकानात काळी दारू होती. ती जाडीभरडी, धूर करणारी, पण चिमूटभर इकडंतिकडं झालं तरी सोसणारी. परवा नवीन डबा आला होता, बिनधुराच्या दारूचा. अमृतरावांनी त्याला समोर बसवून बजावलं होतं की ही दारू काळीसारखी माफ करत नाही, काट्यावर येईल तेवढीच घालायची, वर एक कणही नको. शिवप्पानं मान हलवली होती. मान हलवताना तो पुरता खरा होता. हाताचं त्याला माहीत नव्हतं.

नव्या दारूची काडतुसं फळीवर होती, ती अजून विकली गेली नव्हती. काडतुसांची एकच पेटी बाहेर गेली होती. ती काल सकाळी व्यंकटी घेऊन गेला होता.

व्यंकटी त्याच्या बहिणीचा, तुळजाबाईचा, मुलगा. भाचाही आणि जावईही, कारण शिवप्पानं आपली एकुलती एक लेक गुरम्मा त्यालाच दिली होती. किल्लारीच्या अलीकडं त्यांचं रान. विहिरीच्या तळाशी उरलेल्या पाण्यावर गुरम्मानं घागरी वाहून अर्धा एकर भुईमूग जगवला होता. यंदा खायला म्हणून नाही, पुढच्या पेरणीला बी राहावं म्हणून. तो राखायला व्यंकटीकडं बापाची, निजामाच्या काळातली, एकनळी बंदूक होती. आणि त्याची पेटी भरताना शिवप्पाच्या मनात आलं होतं, घरचा माणूस आहे, जरा जोराची होऊ देत. बाकीच्यांना एक चिमूट पडली ती सवयीनं. व्यंकटीच्या काडतुसांत मात्र त्यानं दुसरीही घातली होती, एवढ्याशा चिमटीनं काय होतंय म्हणत, हसतहसत, मायेनं, जाणूनबुजून.

गेल्या साली एक माणूस दुकानात बंदूक घेऊन आला होता. तोंडाला उपरणं गुंडाळलेलं होतं आणि डाव्या हाताला अंगठा आणि एक बोट, एवढंच उरलं होतं. बंदुकीची नळी वाळलेल्या शेंगेसारखी उलली होती. ती दुरुस्त होईल का, असं तो विचारत होता. अमृतराव त्याला काय बोलले ते शिवप्पाला आठवत नव्हतं, पण उपरण्याच्या वरचे ते डोळे आठवत होते.

तो उठून आत गेला.

"मालक, कालच्या काडतुसांत दारू जास्त पडलीय."

अमृतरावांनी मान वर केली. "काटा बिघडला का?"

"न्हाई. दोन्ही काटे खरे हाईत. चिमूट काट्याच्या नंतर पडलीय. माझ्या हातानं."

अमृतरावांना आधी कळेना. शिवप्पानं मोकळ्या हातानंच करून दाखवलं, तीन बोटं, चिमूट, अंगठा. अमृतरावांचा चेहरा उतरत गेला. ते ओरडले नाहीत. उठून त्यांनी दुकानाचं शटर निम्मं खाली ओढलं, जणू कुणी बाहेरून ऐकतंय, आणि किती पेट्या गेल्या ते विचारलं. एकच, आमच्या व्यंकटीची, असं शिवप्पा म्हणाला.

"मग इथं काय करायलास?" अमृतराव म्हणाले. "जा ना."

तो अनवाणीच निघाला होता. अमृतरावांनी मागून हाक मारून चपला दिल्या.

स्टँडवर निलंग्याकडची एसटी सुटायच्या बेतात होती. दारात लोंबकळत शिवप्पा आत शिरला. बसायला जागा मिळाली तरी तो उभाच राहिला, उभं राहिलं की गाडी लवकर पोचेल असं काहीतरी त्याच्या डोक्यात होतं. काल सकाळी पेटी गेली. काल संध्याकाळी व्यंकटी रानात बसला असणार. म्हणजे जे व्हायचं ते काल होऊनही गेलं असेल, आणि आपल्याला निरोप यायचा असेल. हा विचार मनात आला तेव्हा त्यानं समोरच्या सीटचा दांडा इतका घट्ट धरला की शेजारचा माणूस सरकून बसला.

औशाच्या पुढं गाडी थांबली. रस्त्यावर घागरींची रांग मांडलेली आणि घागरींच्या मागं बायका. टँकर आला नव्हता. टँकर आल्याशिवाय एक चाक हलू देणार नाही, असं त्या सांगत होत्या. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि विडी पेटवली. शिवप्पा खाली उतरला. त्या बायकांचं चुकत नव्हतं, हे त्यालाही कळत होतं. पण त्याला त्यांचा राग आला, आणि त्या रागाची लगेच भीती वाटली. तो घागरींच्या मधून वाट काढत निघाला.

"कुटं पळायलाव, आबा?" एकीनं विचारलं.

"लेकीकडं."

"लेकीकडं पानी हाय का?"

बाकीच्या हसल्या. शिवप्पा न थांबता पुढं निघाला. पलीकडं अडकलेली एक जीप मागं वळून निघाली होती, तिच्या मागच्या फळीवर त्याला पाय टेकण्यापुरती जागा मिळाली. दोन्ही बाजूंना रानं उघडी पडली होती. कुठं कडब्याची गंजी दिसली तरी लोक मान वळवून बघत होते. शिवप्पाला मात्र दर बाभळीखाली माणूस पडलेला दिसत होता, आणि जवळ गेलं की तो सावलीचा तुकडा निघत होता.

फाट्यावर तो उतरला तेव्हा ऊन कलंडलं होतं. हॉटेलवाल्या ज्ञानोबानं त्याला ओळखलं. पाणी नाही, चहा देतो, म्हणाला. शिवप्पानं हातानंच नको म्हटलं आणि घरचे बरे आहेत का, एवढं कसंबसं विचारलं.

"घरचं काय माहीत न्हाई बा," ज्ञानोबा म्हणाला. "पर काल सांजच्याला तुमच्या जावयाच्या वावरातनं बार ऐकू आला. लई मोठा. हितं माझी म्हैस बुजली."

"मग?"

"मग काय? येकच बार. परत काय आवाज न्हाई."

त्यानंतर ज्ञानोबा आणखी काही बोलला असेल, पण ते शिवप्पाच्या कानांत शिरलं नाही. तो गाडीवाटेनं पळत सुटला. त्या वयाच्या माणसाला पळता येत नाही. चार पावलं पळायचा, चार पावलं चालायचा, पुन्हा पळायचा. डोळ्यांसमोर उपरण्यात गुंडाळलेलं तोंड येत होतं आणि उपरण्याच्या वरचे डोळे आता व्यंकटीचे झाले होते. देवाला काय म्हणावं तेही सुचत नव्हतं. देवा, माझा हात घे, एवढंच तो मनातल्या मनात घोकत होता.

घरासमोर गर्दी नव्हती. ते बघून तो थोडा थांबला, आणि मग गर्दी पांगलीही असेल असं वाटून पुन्हा पळाला. ओसरीत तुळजाबाई सुपात रेशनची तांबडी मिलो ज्वारी निवडत बसली होती. भावाला असं धापा टाकत आलेलं बघून ती उठलीच. आवाज ऐकून गुरम्मा बाहेर आली. तिच्या कपाळावर कुंकू होतं. बापानं आधी कुंकू पाहिलं आणि मग लेकीचा चेहरा.

"आप्पा? आसं कामून आलाव?"

"व्यंकटी कुटंय?"

"वावरात बसलेत. काल डुक्कर पाडलं की त्यांनी, येका बारातच. गावभर सांगत हिंडायलेत." मग ती जरा थांबली. "पर काल धरनं कानाला दडे बसलेत त्यांच्या. हाक मारली तरी वळत न्हाईत."

शिवप्पा उंबऱ्यावर बसला. जिवंत आहे. धड आहे. त्याला रडू फुटलं आणि ते त्यानं पटक्याच्या शेवात जिरवलं. गुरम्मा पाणी आणायला आत वळली तेवढ्यात त्याच्या ध्यानात आलं की जीव वाचला तो एका काडतुसापुरता. पेटीतली बाकीची तशीच आहेत, आणि दिवस मावळायला आलाय. तो पाणी न पिताच उठला.

रानात पोचेपर्यंत उजेड मळकट झाला होता. भुईमुगाचा तेवढा हिरवा तुकडा, त्याच्या पलीकडं विहीर, आणि विहिरीतून उपसलेल्या मातीच्या ढिगावर बसलेला व्यंकटी. त्याचं तोंड पिकाकडं, मांडीवर बंदूक. "व्यंकटी," शिवप्पानं हाक मारली. मग जोरात मारली. व्यंकटी हलला नाही. शिवप्पा वाळलेल्या तुराट्यांतून पुढं निघाला आणि पायाखाली काटक्या मोडल्या. ते मात्र व्यंकटीला कुठून तरी जाणवलं, किंवा तुराट्या हललेल्या दिसल्या. त्यानं बंदूक उचलून खांद्याला लावली आणि नळी थेट शिवप्पाच्या दिशेनं फिरली.

शिवप्पा वाकून चालत होता. वाकलेलं काहीतरी तुराट्यांतून पुढं येतंय, एवढंच तिकडून दिसत असणार. खाली पडावं असं शरीर म्हणत होतं. पण आपण पडलो आणि त्यानं बार टाकला, तर छर्रे वरून जातील आणि नळी त्याच्या तोंडाशी फुटेल. बार व्हायलाच नको होता. शिवप्पानं डोक्यावरचा पांढरा पटका ओढून काढला, दोन्ही हातांत ताणून डोक्यावर धरला आणि ताठ उभा राहिला. त्या क्षणी त्याला छर्ऱ्यांची भीती वाटली नाही. भीती वाटत होती ती व्यंकटीच्या बोटाची.

बंदूक खाली झाली. व्यंकटी ढिगावरून उतरून पळत आला.

"मामा! आत्ता डुक्कर म्हून घातली आसती की गोळी."

"आदी त्यातलं काडतूस काढ," शिवप्पा म्हणाला. व्यंकटीनं कानामागं हात धरला, तेव्हा तो ओरडला, "काडतूस काढ!"

व्यंकटीनं ते काढलं, पण त्याचं ध्यान दुसरीकडंच होतं. त्याच्या उजव्या गालावर काळा डाग उठला होता आणि खांदा तो जपून हलवत होता. खुशीत होता. तुमच्या हातचं काडतूस म्हणजे काय सांगू, असं तो सांगत सुटला. एवढं मोठं डुक्कर जागच्या जागी आडवं झालं. रिकामं टरफल मात्र नळीत असं फुगून बसलं की ते चाकूनं उचकटून काढावं लागलं. आणि बंदुकीचा सांधा जरा ढिला झालाय. शिवप्पानं बंदूक हातात घेतली. ती मोडायची आणि मिटायची त्या जागी खटखट वाजत होती.

"येकानं काय झालं न्हाई," व्यंकटी म्हणाला. "आत्ता कळप यील. भरू द्या मला."

"दारू जास्त घातलीय मी त्यात. तुज्यासाठी म्हून. घरचा हाईस म्हून." एवढं बोलायला त्याला ओरडावं लागत होतं, आणि असली गोष्ट ओरडून सांगावी लागावी, याची लाज त्याला रानभर पसरल्यासारखी वाटली. "दुसऱ्या बाराला नळी फुटंल. तोंड जाईल तुजं."

व्यंकटी त्याच्या तोंडाकडं बघत राहिला. त्याचा हात नकळत गालावरच्या डागाकडं गेला. मग त्यानं पेटी उचलून मामाच्या हातात दिली. ढिगावर दोघं शेजारी बसले. व्यंकटी रागावला असता तर शिवप्पाला बरं वाटलं असतं. पण तो रागावला नाही. मामानं वाईट करायला घातली नव्हती, हे त्याला न सांगता समजत होतं.

शिवप्पाच्या मनात आलं की उद्या सकाळी तो विक्रेता दुकानात येईल आणि कोणता काटा ठेवला ते विचारेल. कोणताही ठेवा. दांडीचा ठेवा, आकड्यांचा ठेवा, फक्त त्याच्याशेजारी असा माणूस बसवा की ज्यानं जन्मात कुणाला दाणाभर जास्त दिलं नाही. अमृतराव आपल्याला काढून टाकणार नाहीत, हेही त्याला माहीत होतं. पण तो स्वतःच परत त्या टेबलाशी बसणार नव्हता. आपलाच हात आपल्याला न विचारता काय करील, याची त्याला आता कायमची भीती बसली होती.

भाकरी घेऊन गुरम्मा आली तेव्हा अंधार पडत होता. ती येऊन टेकते न टेकते तोच पलीकडच्या बांधाकडून हुंकार ऐकू आले आणि भुईमुगाच्या कडेला काळे ठिपके हलायला लागले. व्यंकटीचा हात बंदुकीकडं गेला. व्यंकटीनंच हात मागं घेतला.

तिघं उठले. गुरम्मानं भाकरीची थाळी आणि उलथणं घेतलं, व्यंकटीनं पत्र्याचा डबा, शिवप्पानं काठी. ओरडत, वाजवत ते पिकाच्या कडेकडेनं पळाले. कळप एका टोकाहून उठला आणि दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. ते तिकडं पळाले, तेव्हा कळप पहिल्या टोकाला आला. एरवी माणसाच्या खाकरण्याला पळणारी जनावरं ती, पण यंदा त्यांनाही दुसरीकडं कुठं काही नव्हतं. शिवप्पा एकदा थेट त्यांच्यात घुसला आणि काठी आपटत राहिला. एक मोठं डुक्कर त्याच्याकडं बघत उभं राहिलं, मग सावकाश चार पावलं सरकलं आणि पुन्हा उकरायला लागलं. गुरम्मानं बापाला दंडाला धरून बाहेर आणलं.

शेवटी हात दुखले, घसे बसले आणि ते ढिगावर येऊन बसले. काळोखात आता काही दिसत नव्हतं. गुरम्मा थाळी मांडीवर धरून बसली होती. व्यंकटीनं मान एका बाजूला कलती केली, दुसरी बाजू करून बघितली, आणि मग मामाच्या गुडघ्याला हात लावला.

"मामा, मला काय ऐकू यीना. गेली का?"

शिवप्पाला सगळं ऐकू येत होतं. वेल उपटल्याचा आवाज, आणि मग दातांखाली शेंगा फुटल्याचा, एक, दुसरी, तिसरी. गेली म्हणावं, असं त्याच्या ओठांवर आलं. तेवढं बोललं असतं तर पोराला घटकाभर डोळे मिटता आले असते. गुरम्मानं अंधारातच बापाकडं मान वळवली. शिवप्पानं व्यंकटीच्या त्यातल्या त्यात बऱ्या डाव्या कानाशी तोंड नेलं.

"न्हाई गेली," तो म्हणाला. "खायलेत."